आखाजीची फांदी

तळोद्यात गुरुकृपा कॉलनीतलं कुठलंही घर शोधायचं असेल तर लोक बागेची खूण सांगतात. बाग म्हणजे फार काही डोळ्यांत भरणारं नाही. चार सिमेंटचे बाक, जास्वंदीच्या ओळी, मोगऱ्याचे दोन वाफे आणि मधोमध एक कडुनिंब. पण हा निंब मात्र बघण्यासारखा आहे. डोक्याच्याही वर बऱ्याच उंचीपर्यंत खोड काठीसारखं सरळ, एक फाटा म्हणून नाही, आणि मग एकाएकी चारी बाजूंना भरघोस पसारा. नवखा माणूस हमखास विचारतो, की हे झाड असं कसं हो वाढलं? मग कॉलनीतली मंडळी एकमेकांकडे बघून हसतात आणि म्हणतात, जसोदामायला विचारा.

जसोदामाय म्हणजे वीज खात्यातल्या ललितची आई, जसोदाबाई. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. हिचं माहेर तापीकाठचं, प्रकाशाच्या खालच्या अंगाला असलेलं एक लहानसं गाव. सासर तळोद्याजवळच्या खेड्यातलं. नवरा नवलसिंग गेला, ललितने तालुक्याला घर बांधलं आणि आईला घेऊन आला. जसोदाबाईंनी येताना दोनच वस्तू हट्टाने आणल्या होत्या. एक बैलगाडीचा जाड दोर, आणि एका तेलाच्या डब्यात लावलेलं वीतभर निंबाचं रोप.

दोराचं आधी सांगायला हवं, आणि दोराचं सांगायचं तर आखाजीचं सांगायला हवं. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. वैशाखाचं ऊन अगदी मी म्हणत असतं, शेतातली कामं उरकलेली असतात, आणि लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. गावातल्या मोठ्या झाडांना झोके टांगले जातात. वर्षभर ज्यांनी सासरी मान वर केलेली नसते त्या पोरी त्या दिवशी झोक्यावर उभ्या राहून झाडाच्या पानांना पाय लावतात. जसोदाबाईंच्या माहेरी अंगणात एक निंब होता. त्याची एक फांदी खास आखाजीचीच, इतर दिवशी तिला कुणी शेळीसुद्धा बांधायची नाही.

आणि माहेरी जायचं म्हणजे आपलं आपण उठून जायचं नसतं. न्यायला कुणीतरी यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. जसोदाबाईंचा मुराळी म्हणजे तिचा थोरला भाऊ दलसिंग. आधी बैलगाडी घेऊन यायचा, मग मोटारसायकलवर, गुडघे गेल्यावर एसटीने. आला की घरात शिरायचा नाही. ओट्यावर बसायचा, गूळपाणी घ्यायचा आणि म्हणायचा, "आक्का, आखाजी शे. तुले लेवाले उनू." म्हणजे तुला न्यायला आलोय. वयाने हा मोठा, तरी बहिणीला आक्काच म्हणायचा. जसोदाबाई आजी झाली तरी हे वाक्य चुकलं नाही. पिशवी तर तिची आदल्या दिवशीच भरून तयार असायची, पण ते वाक्य ऐकल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही.

एका हिवाळ्यात दलसिंग गेला. दिवस घालायला ती गेली तेव्हा अंगणातल्या निंबाखालून तिने ते रोप उपटून आणलं. पुढच्या आखाजीला भाच्याचा फोन आला, आत्या, ये ना. त्याच्या पुढच्या वर्षी तोही आला नाही, कारण भाचे नाशिकला गेले होते आणि घराला कुलूप होतं. जसोदाबाईंनी त्याबद्दल कुणाजवळ कुरकूर केली नाही. फोनवर कुणी माहेरी जातं का, असं एकदाच सुनेला, कामिनीला, म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

आपलं माहेर संपलं, हे तिने मनाशी मान्य केलं होतं. लेकीचं संपू द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनाने घेतलं.

लेक शीला सुरतेला दिली होती. कॉलनीतल्या पहिल्या आखाजीला ती आली, तर झोका टांगायचा कुठे? ललितने पोर्चच्या स्लॅबला कडी ठोकली. पुढे दोन हातांवर भिंत, मागे दोन हातांवर पाण्याची टाकी. शीला बसली, एक झोका घेतला, गुडघा फुटला. हसली बिचारी. पण पुढच्या वर्षी फोनवर म्हणाली, "माय, आखाजीले ईसन काय करू? तठे झोका बी नही." जसोदाबाईंना ते लागलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

कॉलनीच्या मागच्या बाजूला एक मोकळी जागा होती. कागदावर ती बाग होती म्हणे. प्रत्यक्षात वेड्या बाभळी, फुटक्या बाटल्या आणि कुणीतरी ओतून दिलेल्या सडक्या पपया. जागेच्या पलीकडे मुसलमान मोहल्ल्याची पाठ लागते आणि त्यातलं पहिलं घर नजीर मिस्तरीचं. जसोदाबाई एका सकाळी विळा घेऊन त्या जागेत शिरली आणि बाभळी तोडायला लागली. ललितची अब्रू गेली. तो धावत आला, "माय, लोकं काय म्हनतीन!" माय म्हणाली, लोकांना विळे घेऊन यायला सांग.

लोक आले, ते मदतीला कमी आणि गंमत बघायला जास्त. पण गुरुकृपा कॉलनीत राहणारी माणसं सगळी तापीच्या काळ्या जमिनीतून उठून आलेली. कुणी नोकरीमुळे, कुणी पोरांच्या शाळेपायी. मोकळी माती दिसली की यांचे हात शिवशिवतात. आठवड्याभरात जागा लख्ख झाली. मग चुडामण आप्पांनी सूत्रं हाती घेतली. आप्पा म्हणजे मुरलेले केळीवाले. शेती पोरांवर सोपवून कॉलनीत येऊन कंटाळलेले. त्यांनी दोरी लावून जास्वंदीच्या ओळी आखल्या, तेही केळीच्या अंतरावर. कडेला ठिबकची नळी टाकायचीही त्यांची तयारी होती. फुलबाग आहे हो आप्पा, बाजारात न्यायची नाही, असं सांगून लोकांनी त्यांना थांबवलं.

मध्ये जसोदाबाईंनी डब्यातला निंब लावला. कशासाठी, ते तिने सगळ्यांना सांगून ठेवलं. ह्याला फांदी येईल, फांदीला आखाजीचा झोका लागेल, आणि कॉलनीतल्या सगळ्या लेकी येतील.

पाणी कुणी घालायचं, हा प्रश्न जसोदाबाईंनीच सोडवला. एक लाल बादली आणली. आज ज्याच्या दारात बादली, त्याची पाण्याची पाळी. पाणी घालून झालं की बादली शेजारच्या दारात ठेवून यायची. ना समिती, ना वर्गणी, ना मीटिंग. पाटाच्या पाण्याची पाळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही माणसं. दारात बादली दिसली की कुणाची टाळायची छाती नव्हती.

कॉलनीतल्या शेवटच्या घराची पाळी झाली त्या दिवशी बादली परत पहिल्या घरी यायला हवी होती. जसोदाबाईंनी ती उचलली आणि सरळ पलीकडे नजीर मिस्तरीच्या दारात नेऊन ठेवली. आप्पांच्या कपाळावर आठी आली. "तिकडे बी?" त्यांनी विचारलं. "त्यासनं दार बागमाच उघडस," जसोदाबाई म्हणाली, आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी नजीरची बायको नईमा बादली घेऊन आली, ती राखेने घासून आरशासारखी चकचकीत करून. तेव्हापासून कॉलनीतल्या बायकांना मळकी बादली पुढे सरकवायची लाज वाटायला लागली.

नजीर मिस्तरी जसोदाबाईंहून आठ-दहा वर्षांनी लहान. एकेकाळी त्याच्या बापाच्या हातची बैलगाडीची चाकं पार शहाद्यापर्यंत जायची. आता दारंखिडक्या करतो. जसोदाबाईंना तो आक्का म्हणायचा. पण तो निम्म्या तळोद्याला आक्का म्हणायचा, त्यात विशेष असं काही नव्हतं. संध्याकाळी ती बाकावर बसायची आणि हा रंधा मारता मारता गप्पा ऐकायचा. आखाजीच्या आधी मुराळ्यांच्या गाड्यांची चाकं दुरुस्त करायची त्याच्या दुकानात झुंबड उडायची, ते दोघांनाही आठवायचं. दलसिंगचं ते ओट्यावरचं वाक्यही जसोदाबाईंनी त्याला कितीदा तरी ऐकवलं होतं. म्हाताऱ्या माणसाला आपण एखादी गोष्ट आधी सांगितली आहे याचं भान कुठे असतं? नजीर दर वेळी नव्याने ऐकायचा.

निंब मात्र जोरात वाढला. पाण्याची कमतरता नाही, खतही कुणी ना कुणी गुपचूप टाकायचं. वर्षं गेली तसा तो उंचच उंच होत गेला. झेंड्याच्या काठीसारखा सरळ. वर एक झुबका आणि खाली नुसतं खोड. जसोदाबाई रोज मान वर करून बघायची. फांदी काही दिसेना. माहेरच्या निंबाचं पोर ते, असं कसं निघालं? तिला काही समजेना.

एका सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर बागेत गेली, तर आप्पा स्टुलावर उभे. हातात लहान कोयती. खोडाला फुटलेला कोवळा फुटवा त्यांनी सफाईने खरडून काढला.

"आप्पा! काय करी ऱ्हायनात?"

"पिल काढी ऱ्हायनू," आप्पा अगदी सहज म्हणाले. "मी त मन्ही पाळी उनी का दर खेपेले काढस. त्यानाबिगर झाड सरळ जास का?"

ज्यांना केळी ठाऊक नाही त्यांना सांगतो. केळीच्या बुंध्याशी सारखी पिलं फुटतात. ती ठेवली तर मूळ झाडाचा घड बारीक होतो. म्हणून केळीवाला बागेतून फिरताना दिसेल ते पिल कापत जातो. बोलत असला तरी कापतो, भांडत असला तरी कापतो. तो हाताचा धर्मच होऊन बसतो.

जसोदाबाईंनी आप्पांना जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आरडाओरडा ऐकून कॉलनी गोळा झाली. पण आप्पांना नावं ठेवायला कुणी पुढे येईना. कॉलनीतल्याच कुंदनने हळूच सांगितलं की तोही काढायचा. त्याच्या शेजारच्या गोकुळची बायको म्हणाली, मी तर नखानेच खुडायची. एकेक घर बोलायला लागलं. ज्याच्या दारात बादली, त्याने पाणी घालायचं, खोडावर नजर फिरवायची आणि फुटवा दिसला की काढायचा. प्रत्येकाला वाटत होतं की झाडाची एवढी काळजी आपणच घेतो. आणि हे सगळं ऐकताना जसोदाबाईंचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख निंबाच्या खोडावर होतं, आणि नखाखाली एक हिरवा डोळा, नुकता फुटू लागलेला कोंब, अर्धा खुडलेला होता.

ती बाकावर बसली. मग हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

फक्त नईमाने कधी फुटवा काढला नव्हता. "खुडे हुए कोंब तो दिखते थे," ती संकोचून म्हणाली. "मेरेको लगा, तुम्हारे में ऐसाच करते होंगे. आखाजी का कुछ रिवाज होगा."

आता करायचं काय? त्या उंच झुबक्याला शिडी लावूनही दोर पोचला नसता, आणि पोचला तरी तिथल्या काटक्यांना माणसाचा भार पेलला नसता. ललित म्हणाला, लोखंडी खांब उभे करून मस्त झोपाळा बसवून टाकू. जसोदाबाईंनी ते उडवून लावलं. दोन दिवस ती बागेकडे फिरकली नाही. एवढ्या वर्षांचं पाणी वाया गेलं, शीला आता कसली येते, असं तिच्या मनात सारखं येत राहिलं.

तिसऱ्या दिवशी तिला माहेरचा निंब आठवला. ती दहा-बारा वर्षांची असेल. घराच्या आढ्याला लाकूड हवं म्हणून दलसिंगने त्या निंबाचा शेंडाच उडवला होता. जसोदा रडून रडून उपाशी झोपली होती. आणि पावसाळा लागल्यावर त्या कापलेल्या जागेतून चहूकडे धुमारे फुटले होते. आखाजीची ती फांदी त्यांच्यातलीच एक होती. सगळं आयुष्य त्या फांदीची आठवण काढण्यात गेलं, आणि ती कुऱ्हाडीतून आली होती हेच ती विसरून गेली होती.

ती उठली आणि नजीरकडे गेली. "नजीरभाऊ, निंबना शेंडा काप."

आप्पा कळवळले. "एवढं सागनामायक सरळ झाड, आन्‌ कापाले सांगस?" नजीरनेही हातातली करवत खाली ठेवली. "आक्का, शेंडा कापा ते नवी फांदी येवाले, तिले झोकाना भार झेपाले पाच-सहा वरीस लागतीन."

"लागू दे."

"पन आक्का..." तो अडखळला. तिच्या वयाचं कसं काढावं हे त्याला सुचेना.

"तवलोंग मी कोठे जाई ऱ्हायनू?" जसोदाबाई म्हणाली. "तू काप."

नजीरने शिडी लावली आणि शिडी पोचली तिथून शेंडा उतरवला. कापलेला सोट तो खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला. चुलीला होईल त्यांच्या, असं जसोदाबाईंना वाटलं, आणि तिने तिकडे बघायचं टाळलं.

त्या पावसाळ्यात ती रोज बाकावर येऊन बसायची. आधी काहीच नाही, नुसता बोडका खांब. तिला भीती वाटायची की झाड गेलं. मग श्रावण लागता लागता कापाखाली हिरवे डोळे उघडले. त्या दिवसापासून तिने पहाराच धरला. आप्पा तिथून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जायचे. स्वतःच्या हातांचा त्यांना भरवसा नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात करोना आला. बादली दारोदार फिरायची थांबली. ती नजीरच्या दारातच राहिली आणि काम बंद असलेला नजीर एकटाच सगळ्यांच्या पाळ्या देत राहिला. कॉलनी खिडकीतून बघायची.

फांद्या मनगटाएवढ्या झाल्या, दंडाएवढ्या झाल्या. आणि यंदा, चैत्रात, आप्पांनी गाजावाजा करून उगवतीकडच्या फांदीची परीक्षा घेतली. आधी गव्हाचं पोतं टांगलं. मग दोन पोती. मग धोतर खोचून स्वतः लोंबकळले. फांदी हलली नाही. जसोदाबाईंनी आत जाऊन शीलाला फोन लावला आणि दोनच शब्द बोलली, "फांदी झायी."

शीला आली. रात्रीच्या गाडीने नंदुरबारला उतरून, पहाटेच्या जीपने, आपल्या लेकीला, काजलला, घेऊन आली. कॉलनीतल्या इतर घरांच्या लेकीही आल्या, मोहल्ल्यातल्या पोरीही ओढण्या खोचून आल्या. बैलगाडीचा तो जुना दोर फांदीला पडला. पोत्याची घडी ठेवून पोरी बसल्या, उभ्या राहिल्या, किंचाळल्या. शीलाचे केस पिकायला लागलेले, पण झोका वर गेला तेव्हा तिने पाय लांब करून पानांना लावले. जसोदाबाई रस्त्याच्या अलीकडे, घराच्या फाटकात उभी राहून बघत होती. हाताला पुरण लागलं होतं. तिला फार बरं वाटत होतं.

"माय, तू बी ये ना! बस एक डाव!" शीलाने झोक्यावरून हाक मारली.

"मी?" जसोदाबाई हसली. "मी आठे सासरी शे. सासरनी बाई आखाजीले झोकावर बसस का? माले कोन लेवाले उना?"

थट्टेत म्हणाली खरी, पण शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. पुरणाचा हात तसाच तोंडाशी नेऊन ती घाईघाईने घरात वळली. झोका थांबला. शीला खाली उतरून तशीच उभी राहिली. दोराची गाठ बघत उभा असलेला नजीर आपल्या घराकडे निघून गेला.

जसोदाबाई पोळी तव्यावर टाकत होती तेव्हा ओट्यावर कुणीतरी खाकरलं. बाहेर येऊन बघते तर नजीर. पांढरा धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. पायातल्या चपला काढून ओट्यावर मांडी घालून बसला होता.

"काय व्हयनं नजीरभाऊ? दोर सुटना का?"

"पहिले गूयपाणी आन," नजीर म्हणाला. "मुराळीले उपाशी बसाडतस का तुम्हना घरमा?"

जसोदाबाईंना क्षणभर काही उमजलं नाही. मग उमजलं, आणि ती दाराची चौकट धरून उभी राहिली. आतून कामिनीनेच तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला. नजीरने गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायला, मिशी पुसली. मग फडकं सोडलं. आत झोक्याचा पाट होता, दोन फळ्या जोडून केलेला, कडा गोल घासलेल्या, तेल पाजलेला.

"वळखस का? तुन्हाच निंबना शेंडा शे. तवय कापा व्हता तो. इतला वरीस संभाळीसन ठेवेल व्हता." तो उठून उभा राहिला. "आक्का, आखाजी शे. तुले लेवाले उनू."

जसोदाबाई आत गेली. हात धुतले. नवं लुगडं नेसली. मग तिने खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि तिच्यात एक घडीचं लुगडं, फणी आणि चार पुरणपोळ्या भरल्या. झोका होता रस्त्याच्या पलीकडे, घराच्या फाटकातून दिसणारा. पण माहेरी जाताना पिशवी लागतेच.

पिशवी घेऊन ती उंबऱ्याशी थांबली आणि सुनेकडे वळली.

"मी माहेरले जाई ऱ्हायनू, कामिनी. संध्याकायले ईसू."

कामिनीने डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "घाई करू नको, माय," ती म्हणाली. "दोन दिन ऱ्हाय. घर मी देखसू."

पाट काखेत घेऊन नजीर पुढे निघाला, आणि जसोदाबाई त्याच्या मागोमाग रस्ता ओलांडायला लागली.